खाऱ्या वाऱ्यातली पिकअप

३१ मे, देवगड तालुका

उद्यापासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद राहील आणि आंब्याचा हंगामही संपल्यात जमा आहे. भाड्याच्या मागे न धावता गाडीकडे नीट पाहता येईल असे वर्षातले दिवस हेच. आजचा बहुतेक वेळ मी पिकअपच्या खाली घालवला, कारण किनाऱ्यावरच्या गाडीची खरी अवस्था वरून पाहून कधीच कळत नाही.

केबिनचा रंग अजून चांगला आहे, दारे नीट लागतात, इंजिनाचा आवाजही स्वच्छ आहे. पण रॅम्पवर चढवून खालून टॉर्च मारली तेव्हा माल ठेवायच्या हौद्याखालच्या मागच्या आडव्या पट्टीच्या कोपऱ्यात, जिथे दोन पत्रे एकावर एक बसतात, तिथे रंग फुगलेला दिसला. स्क्रू ड्रायव्हरचे टोक लावताच त्याचे पापुद्रे सुटले आणि आतून ओलसर, विटकरी भुगा हातावर आला. जागा तळहाताएवढीही नव्हती आणि पट्टी अजून भक्कम आहे, तरी गंज कुठून शिरतो हे त्या जागेने स्पष्ट दाखवले. बंदरावरून मासळीचे क्रेट भरले की वितळणाऱ्या बर्फाचे खारट पाणी हौद्याच्या भोकांतून खाली उतरते, चासीवर, चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि मागच्या ब्रेकच्या पाइपांवर ठिबकत राहते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे आपल्याला गाडी सुकलेली वाटते तेव्हाही त्या सांध्यांत ओल टिकून असते. पावसाने बाहेरचा पत्रा धुऊन निघतो, पण बंद पोकळ भागांतले मीठ पाऊस काढत नाही.

म्हणून मासळीचे भाडे उतरल्यावर गोड्या पाण्याचा पाइप आधी गाडीच्या खाली धरायचा, मग हौद्यात आणि सर्वांत शेवटी केबिनवर, हा क्रम मी कधी मोडत नाही. हौद्याची पाणी जाणारी भोके खवल्यांनी आणि चिखलाने बुजतात, ती तारेने मोकळी करावी लागतात. हौद्यात रबरी चटई अंथरण्याची पद्धत अलीकडे वाढली आहे, पण मासळी वाहणाऱ्या गाडीत ती मला मुळीच पटत नाही, कारण तिच्याखाली साचलेले खारे पाणी वाऱ्याला दिसतच नाही. आज फुगलेली जागा घासून कोरडी केली आहे. तिथे गंजरोधक रेड ऑक्साइडचा हात, त्यावर रंग आणि मगच डांबरी लेप द्यायचा. गंज न काढता त्यावर लेप चढवला तर ओल आत कोंडते आणि पत्रा आतून खाल्ला जातो.

अनेक जण या दिवसांत जळके काळे ऑइल खालून सर्वत्र मारतात. त्याने लोखंड काही काळ वाचते हे खरे, पण पाट्यांच्या रबरी बुशांना आणि ब्रेकच्या होजला ते बाधते, आणि पहिल्या सरीबरोबर ते अंगणातून विहिरीकडे जाते. ज्या विहिरीचे पाणी आपण पितो तिच्याजवळ हे करू नये, असे मला मनापासून वाटते.

दुपारी मिस्त्रीकाका आले होते. मागच्या बाजूला एक जादा पाटा घालून घ्यावा, असा सल्ला मला बरेच जण देतात. शेजारच्या गावात चिऱ्यांची, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडांची, कामे मिळतात आणि एक चिरा तीस किलोच्या आसपास धरला तरी पन्नास चिऱ्यांत दीड टन भरतो. काकांनी पाट्यांवर हात फिरवला आणि म्हणाले, "पाटो घातलंस म्हणान ब्रेक वाढणा नाय, बाबू." त्यांचे म्हणणे तंतोतंत बरोबर आहे. जादा पाट्याने गाडी कमी दबते, पण ॲक्सल, टायर, चासी आणि ब्रेक जेवढ्यास तेवढेच राहतात. शिवाय ज्या गाड्यांच्या मागच्या ॲक्सलजवळ वजनानुसार ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, तिथे हौदा किती दबला यावरूनच वजन ओळखले जाते. पाटा कडक झाला की भरलेली गाडीही त्या व्हॉल्व्हला रिकामी भासते आणि मागच्या चाकांना ब्रेक कमी लागतो. कायद्याचा भाग वेगळाच: २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. चिरे दोन खेपांत न्यावेत, हेच मला योग्य वाटते. पाटा घातला नाही, फक्त पाट्यांची टोके धरणाऱ्या शॅकल पिनांना ताजे ग्रीस दिले.

आंब्याचे वजन त्या मानाने सोसवते, पण त्याचा जीव नाजूक. पाच डझनांची लाकडी पेटी वीस किलोच्या आसपास भरते. तिला वजनापेक्षा उष्णता जास्त मारते, म्हणून संध्याकाळी भरून रात्री फोंडा घाटाने कोल्हापूरकडे निघणे बरे. ताडपत्री पेट्यांवर घट्ट न टाकता खाली आडव्या काठ्या देऊन थोडी उचललेली ठेवतो, म्हणजे फळाची ऊब बाहेर पडते. जड थर मागच्या ॲक्सलच्या पुढे, केबिनच्या बाजूला लावला की स्टेअरिंग हलके पडत नाही. परतीला सिमेंट किंवा खताची पोती असतात आणि घाटाची खरी परीक्षा तेव्हा होते. ज्या गिअरमध्ये तेवढे ओझे घेऊन चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरायचे. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे म्हणजे डिझेलचे चार पैसे वाचवायला जीव टांगणीला लावणे आहे, कारण इंजिन थांबले की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत थोड्याच वेळात संपते.

ब्रेक ऑइलही आज बदलून घेतले. ते हवेतले पाणी शोषते, आपल्याकडच्या दमट हवेत तर अधिकच, आणि पाणी मिसळलेले ऑइल घाटात तापून उकळले की पेडल आत जाते. डिझेलच्या फिल्टरखालचा बूच ढिला करून साचलेले पाणी काढले आणि टाकी काठोकाठ भरली, कारण पावसाळ्यात अर्ध्या टाकीत हवेतली वाफ थंड होऊन पाणी धरते.

बॅटरीची अर्थिंगची वायर हिरवट पडली आहे. उद्या तिचे टोक घासून, व्हॅसलीन लावून परत बसवायचे आहे. फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेच्या, एका साखळीचा हूक घासला आहे, तो पहिल्या चिऱ्यांच्या खेपेआधी बदलायलाच हवा. योग्यता प्रमाणपत्राची तारीखही या पावसाळ्यातच येते, तेव्हा मागच्या परावर्तक पट्ट्या नव्या लावून घेईन.