हातचा मळ आणि रेट कार्ड : आमची वाटचाल

वेंगुर्ल्यात आमचं दुकान कुठे असं विचारलंत तर "बाईंचा क्लास ना?" असंच विचारतील, दुकान कोणी म्हणत नाही. पुढे रंग-ब्रश-कागदाची कपाटं, मागे क्लास आणि माळ्यावर माझं स्वतःचं पेंटिंग, असा हा धंदा. हो, मुद्दाम धंदा म्हणते, कारण चित्रकलेला धंदा म्हटलं की लोक उगाच अवघडतात.

एटीडी म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा, तो करून मी हायस्कूलला चित्रकला शिकवायला लागले आणि त्याच दिवसापासून गावाचं फुकटचं कामही लागलं मागे. गॅदरिंगचा पडदा, सप्ताहाचा बोर्ड, हळदीकुंकवाची रांगोळी, कोणाच्या रुखवतातली पाटी, चला बाईंकडे. "बाई, तुमका काय, पाच मिन्टाचा काम, तुमच्यासाठी हातचो मळ." अहो पण तो पाच मिनिटांचा मोर हातात बसायला किती वर्षं गेली ते कोण बघतो, आणि वर ब्रश माझा, रंग माझा. पगार होता तोवर चालून गेलं. नोकरी सोडली आणि पहिलं काम काय केलं तर रेट कार्ड छापून दाराला लावलं, भिंतीचा स्क्वेअर फुटाचा दर, बोर्डाचा अक्षरावर, सगळं. लोक हसले. एका मंडळाने कमान रंगवून घेतली आणि पैसे मागितल्यावर "देवाच्या कामाचे पैसे घेता?" म्हणून उलट मलाच ऐकवलं. मंडपवाला घेतो, साऊंडवाला घेतो, मग रंगवणाऱ्यानेच काय पाप केलंय? तेव्हापासून निम्मा ॲडव्हान्स आल्याशिवाय रंगाचा डबा उघडत नाही.

घर चालतं ते मात्र एलिमेंटरी-इंटरमिजिएटवर. कला संचालनालयाच्या या परीक्षा, त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन-भूमिती. पालक येतात ते मार्कांसाठी, इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला ७ मार्क वाढीव, बी ला ५, सी ला ३. त्यात मला काही वाईट वाटत नाही, येऊ देत, एकदा पोरगं आत आलं की पुढचं माझ्या हातात. फक्त स्मरणचित्राला गाईडमधली बाग आणि फुगेवाला काढलेला मला चालत नाही. पोरांना बंदरावर न्यायचं, मासळी बाजारात न्यायचं, जत्रेच्या रात्री दशावताराच्या पडद्यामागे न्यायचं, तिथे नट आरसा पुढ्यात घेऊन स्वतःचं तोंड स्वतःच रंगवतो ना, ते बघून आलेलं पोर चेहरा काढायला घाबरत नाही.

पावसाळा म्हणजे आमची परीक्षा. कागद सादळतो, जलरंगाचा पातळ हात म्हणजे वॉश वाळत नाही, कोऱ्या शीटवर बुरशीचे ठिपके. कागदाच्या कपाटात बल्ब लावून ठेवतो, वीज असेल तर. आणि नेमका तोच सीझन, कारण चतुर्थीला गणपतीच्या मागची भिंत रंगवून घ्यायची आमच्याकडे पद्धत, मोर, कमळं, कुठे शंकर-पार्वती, वर माटवी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळा-पानांनी सजवलेली लाकडी चौकट. जांभ्याच्या घराला ओल असतेच, ओल्यावर रंग मारला की गौरी जायच्या आत पोपडे. म्हणून भिंत सुकलेली नसेल तर आम्ही परत येतो, मग यजमान कितीही चहा पाजू देत.

अलीकडे होमस्टेवाले येतात, सगळ्यांना वारली हवी. वारली डहाणू-पालघरकडची हो, आपल्याकडे काय कमी आहे? पलीकडे सावंतवाडीत गंजिफा आहे, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते, प्रत्येक अवताराचे बारा, राजा-प्रधान धरून. ती कला संपत आली होती तेव्हा तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसल्यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून पुन्हा उभी केली. इकडे कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायची कला, परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्याचं म्युझियम केलं आणि २०२१ ला पद्मश्री आली. गिऱ्हाईक म्हणतं तुम्हीच काढून द्या तशी चित्रकथी, मी देत नाही. पिंगुळीचा पत्ता देते. ऑर्डर जाते हातची, घरचे कुरकुरतात, पण ज्यांच्या घरातली कला आहे त्यांनाच पैसे मिळायला हवेत, हा माझा हट्ट. होमस्टेला मी माझी चित्रं देते, खाडी, कुंपणावर सुकत घातलेली जाळी, कोकमं वाळवणाऱ्या बायका. ती हळूहळू खपतात. खरं सांगायचं तर कॅनव्हासपेक्षा पोस्टकार्डं जास्त खपतात, काजूच्या पिशवीबरोबर.

फुकट काही करतच नाही असं नाही हां. मराठी शाळेच्या भिंती आम्ही दर मे महिन्यात फुकट रंगवतो, रंगही आमचाच, आणि अंगणवाडीचा बोर्डही. पण ते आम्ही ठरवतो, मागून मिळत नाही.

आता क्लासमधूनच तयार झालेल्या दोन मुली भिंतींच्या कामाला असतात, त्यांना भिंतीमागे पैसे, त्याच दिवशी, जीपेवर. त्यातल्या एकीला परवा शेजारणीने विचारलं, जरा ओटीवर छोटीशी वेल काढून दे गो, तर ती म्हणाली काकी, रेट कार्ड पाठवतंय व्हॉट्सॲपवर. मी आतून ऐकत होते, काही बोलले नाही. या वर्षी श्रावणाच्या ऑर्डरी आषाढातच बंद करणार आहोत, आधी भिंतीचा फोटो पाठवा, ओल दिसली तर ॲडव्हान्स घेणार नाही.