मेक्सिकोतल्या कॅनकूनला पहिल्यांदा जाताय? विमानतळावर कुणापाशीही थांबू नका

कस्टम्समधून बॅगा घेऊन बाहेर आलो की समोर एक लांबट हॉल लागतो. दोन्ही बाजूंना काउंटर, आणि काउंटरपुढे इस्त्रीच्या शर्टातली, गळ्यात ओळखपत्र लटकवलेली माणसं. त्यातला एक थेट आमच्याकडे आला. "हॉटेल कोणतं? चौघंच ना? या, तुमच्या गाडीचं बघतो." आम्हाला वाटलं, विमानतळाचा माणूस. तो विमानतळाचा नव्हता, हॉटेलचाही नव्हता. तो टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमधले दर वर्षीचे सुट्टीचे दिवस आगाऊ विकणाऱ्यांचा होता. आमच्या सहा दिवसांतला पहिला अख्खा दिवस त्या एका माणसापायी गेला. हा वृत्तांत मुख्यतः त्यासाठी लिहिते आहे.

आम्ही चौघं: मी, नवरा, धाकटी बहीण सोनल आणि तिचा नवरा निखिल. ह्यूस्टनहून अडीच तासांचं विमान, मे महिन्याचा शेवटचा आठवडा. चौघांना पोहता येतं, ट्रेक करायची सवय आहे, स्नॉर्कलिंगचे मास्क घरचेच नेले होते. तुमचंही तसंच आहे असं धरून पुढचं लिहिते.

तर तो माणूस. व्हॅनचे ९५ डॉलर सांगितले, एका वेळचे. आम्ही चपापलो, तसा लगेच म्हणाला, "उद्या सकाळी आमच्या दुसऱ्या रिसॉर्टवर नाश्त्याला या, मग ५५. शिवाय इस्ला मुहेरेस बेटाची कॅटामरान बोटीतली सफर चौघांना फुकट." फक्त नव्वद मिनिटं, विकत काही घ्यायचं नाही, २० डॉलर अनामत. प्रवासाने आणि रांगांनी डोकं आधीच जड झालं होतं, दिले. परतताना आम्ही घरूनच ऑनलाइन ठरवलेली व्हॅन घेतली. तोच रस्ता, तेवढीच माणसं, ४२ डॉलर. म्हणजे 'सवलतीचा' दरसुद्धा जास्तच होता.

दुसऱ्या दिवशी नऊला त्या रिसॉर्टच्या टेबलावर बसलो. सुटलो दुपारी दोनला दहा मिनिटं कमी असताना. नाश्ता खरोखर चांगला होता, पण त्यात अर्धा तासच गेला. मग एका बाईंनी कोरा कागद पुढे ओढला. वर्षाला सुट्टीवर किती खर्च करता, असं विचारलं. निखिल म्हणाला, साधारण पाच हजार. त्यांनी पाच हजार लिहिले, खाली गुणिले वीस, खाली रेघ, आणि एक लाखाच्या आकड्याभोवती गोल काढून पेन तिथेच टेकवून ठेवलं. बोलल्या काहीच नाहीत. तो गोल पुढचे चार तास आमच्या समोर होता. पहिला भाव ४२,००० डॉलर. नाही म्हटल्यावर 'मॅनेजर' आले, भाव २४,००० वर. पुन्हा नाही, तर तिसरे गृहस्थ, ११,०००, पण 'आज, आत्ता'. एकदा नाही म्हटलं की विषय संपला, असं आपल्याला वाटतं. तिथे नाही म्हटलं की फक्त माणूस बदलतो.

निखिल हलला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, दर वर्षी आपण कुठेतरी जातोच ना." तेव्हा मी उठले, पिशवी खांद्याला लावली आणि दाराकडे चालू लागले. बाकीचे मागोमाग आले. दाराजवळ आणखी एक टेबल होतं, तिथे २,००० डॉलरची 'चाचणी' योजना. थांबलो नाही. कॅटामरानचं कूपन मिळालं, पण धक्क्यावर माणशी २० डॉलर 'बंदर शुल्क' वेगळं भरा म्हणाले. फुकटच्या सफरीला ८० डॉलर. कूपन तिथेच फाडलं. अनामत परत मिळायला आणखी वीस मिनिटं, आणि परतीची गाडी नाहीच.

माझं मत स्पष्ट आहे: हा नाश्ता कितीही काही फुकट मिळत असलं तरी करू नका. हॉलमधून मान वर न करता चालत जायचं, "नो, ग्रासियास" म्हणायचं आणि पाय थांबवायचे नाहीत. तुम्ही ठरवलेला ड्रायव्हर इमारतीच्या बाहेर उभा असतो, आत कधीच नसतो. गाडी ठरवलेली नसेल तर आडो या बस कंपनीची बस घ्या, ती विमानतळावरून कॅनकून शहरात आणि प्लाया देल कार्मेनला जाते. आणि कुणी सही करून बसलाच असाल, तर मेक्सिकोच्या नियमाप्रमाणे करारानंतर ५ कामकाजाच्या दिवसांत तो विनादंड रद्द करता येतो. लेखी द्या, पोच घ्या. रिसॉर्टने दाद दिली नाही तर प्रोफेको ही तिथली सरकारी ग्राहक संस्था आहे. सुट्टी संपेपर्यंत वाट पाहू नका, ते पाच दिवस सुट्टीतच निघून जातात.

त्या रिसॉर्टमधून आम्ही सरळ रस्त्यावर आलो आणि आर-२ बस पकडली. माणशी एका डॉलरपेक्षाही कमी. तेव्हा कळलं की आदल्या संध्याकाळी टॅक्सीला जे पैसे दिले तेही वायाच गेले. हॉटेल झोन म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला निचुप्तेचं खारं सरोवर, आणि मध्ये वीस किलोमीटरहून लांब वाळूची चिंचोळी पट्टी. पट्टीवर मुख्य रस्ता एकच, कुकुलकान. पत्तेही किलोमीटरवर चालतात: अमुक हॉटेल किलोमीटर ९ला, तमुक १४ला. आर-१ आणि आर-२ बस या रस्त्यावर सतत धावतात, रात्री उशिरापर्यंत. टॅक्सीला मीटर नाही. बसण्याआधी भाव पक्का करा, आणि तो पेसोत की डॉलरमध्ये हेही विचारा. पेसोचं चिन्हही डॉलरसारखंच असतं, मेन्यूवरचे १८० बघून दचकू नका. डॉलर सगळीकडे घेतात, पण दर खराब लावतात. एटीएममधून पेसो काढा, आणि मशीन 'रूपांतर करू का' विचारेल तेव्हा नाही म्हणा.

कागदपत्रांचं एकदाच सांगते. भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेचं ग्रीन कार्ड किंवा पासपोर्टात अमेरिकेचा चालू व्हिसा हवा, मग मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. चालू म्हणजे तारीख न संपलेला. आई-बाबा भारतातून आले असतील आणि त्यांचा अमेरिकेचा पर्यटक व्हिसा चालू असेल तर त्यांनाही नेता येतं. हॉटेलात पोचल्यावर खोलीमागे दर रात्रीचा एक छोटा पर्यावरण कर काउंटरवर मागतात. तो खरा आहे, भरा.

समुद्राबद्दल कुणीच नीट सांगत नाही. फोटोतलं निळंशार पाणी खोटं नाही, पण मेमध्ये आमच्या किनाऱ्यावर गुडघाभर तपकिरी शेवाळ साचलं होतं. सार्गासम म्हणतात. अटलांटिकमधून वाहत येतं, साधारण एप्रिल ते ऑगस्ट जास्त, आणि किनाऱ्यावर कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. पहाटे ट्रॅक्टर ते उचलत असत, दुपारपर्यंत पुन्हा थर. फक्त समुद्रासाठी जात असाल तर या महिन्यांत जाऊ नका, डिसेंबर ते फेब्रुवारी बघा. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम असतो हेही ध्यानात ठेवा. ठरलंच असेल तर इस्ला मुहेरेसचा उत्तरेकडचा किनारा, प्लाया नॉर्ते, त्या मानाने स्वच्छ असतो. पुएर्तो हुआरेसच्या धक्क्यावरून वीसेक मिनिटांची फेरीबोट. आमचा तो दिवस छान गेला. इकडे हॉटेल झोनमधल्या प्लाया डेल्फिनेस किनाऱ्याला हॉटेल नाही, जागा मोकळी आणि सुंदर आहे, पण पाण्याची ओढ जबर. लाल झेंडा असेल तर पोहणाऱ्यांनीही आत जायचं नाही.

आता चिचेन इत्झा, माया लोकांचं प्राचीन शहर. इथे दुसऱ्यांदा फसलो. रिसॉर्टच्या टूर डेस्कवरून तिकिटं घेतली. साडेसहाला बस आली, साडेआठपर्यंत बाकीच्या हॉटेलांतून माणसं गोळा करत फिरली. वाटेत 'सहकारी हस्तकला केंद्रा'त पाऊण तास, मग बुफे. प्रवेशशुल्क तिकिटात नव्हतं, ते बसमध्ये रोख गोळा केलं. पिरॅमिडसमोर उभे राहिलो तेव्हा टळटळीत दुपार होती. ३८ अंश, सावली नावाला नाही, आणि चहूकडून शेकडो माणसं एकाच वेळी टाळ्या वाजवताहेत. टाळ्या कशासाठी हेही कळलं नाही. दीड तासात परत बस. सोनलला उन्हाने उलटी झाली. मी रडकुंडीला आले होते.

म्हणून दोन दिवसांनी मी आणि नवरा पुन्हा गेलो, स्वतःचे. आडोच्या बसने वाय्यादोलिद हे गाव, तिथे एक रात्र, सकाळी सहभाडोत्री व्हॅनने पाऊण तासात चिचेन इत्झाचं दार. आठला उघडतं. घड्याळाकडे नीट बघा: कॅनकून किंताना रो राज्यात, चिचेन इत्झा युकातान राज्यात, आणि युकातान एक तास मागे आहे. कॅनकूनच्या घड्याळावर राहिलात तर दारात तासभर ताटकळाल. तिकिटं दोन, एक राज्याचं आणि एक केंद्राचं, दोन्ही मिळून चांगली रक्कम होते. रोख पेसो जवळ ठेवा. रविवारी मेक्सिकन नागरिकांना प्रवेश मोफत असतो, त्यामुळे रविवार टाळा.

आणि मग ते दिसलं. आठ वाजून दहा मिनिटं, मैदानात फार तर वीस माणसं, गवतावर अजून दव. एल कास्तियोच्या, म्हणजे त्या पिरॅमिडच्या, चारही बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि वरची एक, मिळून ३६५. चढायला २००६ पासून बंदी आहे, दोर लावलेला आहे. चढू देतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. उत्तरेच्या जिन्यासमोर उभी राहून मी एकदाच टाळी वाजवली. जिन्यावरून टाळी परत आली नाही, पक्ष्याची चिवचिव आली, वरून खाली घसरत गेलेली. अंगावर काटा आला. पुन्हा वाजवली, पुन्हा तोच पक्षी. गाइड तिथे म्हणतात की हा केत्साल पक्ष्याचा आवाज. दुपारच्या त्या गोंगाटात हे ऐकूच येत नाही. माया लोकांच्या चेंडूच्या खेळाचं १६८ मीटर लांबीचं मैदानही त्याच वेळी बघून घ्या. दहानंतर फेरीवाले रांगेने बसतात आणि बसगाड्या ओतायला लागतात. साडेदहाला आम्ही बाहेर. एवढ्यासाठी सहा तासांचा जाण्यायेण्याचा प्रवास मी आनंदाने पुन्हा करेन.

वाय्यादोलिदला खरं तर दोन रात्री राहायला हव्या होत्या. गावाच्या अगदी मधोमध सासी नावाचं सेनोते आहे. युकातानच्या या चुनखडीच्या पठारावर नद्याच नाहीत, पाणी सगळं खालून वाहतं, आणि जिथे छत कोसळतं तिथे असे पाण्याचे डोह उघडे पडतात. ओल्या, निसरड्या पायऱ्यांनी खाली उतरलो. चपला घसरतात, ग्रिप असलेले सँडल हवेत. आधी शॉवर घ्यायचा, सनस्क्रीन लावून उतरायचं नाही. पाणी गार, काळपट हिरवं, पायाखाली तळ लागत नाही. पाठीवर तरंगत वर बघितलं तर अर्धं आकाश आणि अर्धी गुहा, कडेवरून मुळं लोंबताहेत. रिसॉर्टच्या चार तरणतलावांत मिळून मिळालं नाही ते सुख त्या एका तासात मिळालं.

शाकाहाऱ्यांनी इकडे लक्ष द्या. "सिन कार्ने" (मांसाशिवाय) म्हटलं तर बरेचदा कोंबडी किंवा मासा येतो, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी लाल मांस. "सिन पोयो, सिन पेस्कादो" हेही म्हणा. राजम्यासारखे फ्रिहोलेस डुकराच्या चरबीत परततात, "सिन मान्तेका" विचारा. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. भरवशाचं म्हणजे मक्याच्या तोर्तियाचा चीज घातलेला केसादिया, लिंबू-तिखट लावलेलं कणीस आणि संध्याकाळी चौकातल्या गाड्यावरची मार्केसिता: कुरकुरीत गुंडाळी, आत किसलेलं एडम चीज. हबानेरो मिरचीची चटणी कोल्हापूरकरांनीही आधी टोकाने चाखावी. फळवाल्याकडे चिकोसापोते म्हणून जे दिसेल ते घ्या, तो आपला चिकू. या झाडाचं मूळ गाव हेच, आणि च्युइंग गमचा मूळ चीकही याचाच. घोलवडच्या चिकूइतका गोड होता, थोडा रवाळ.

परतीचं आडोचं तिकीट मात्र वाय्यादोलिदला उतरल्या उतरल्या काढून ठेवा. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी काढायला गेलो तर पुढच्या दोन्ही गाड्या भरलेल्या. तिसरी मिळाली, तीही मागच्या बाकावर. गाडीत एसी इतका थंड असतो की अंगावर घ्यायला जाड काहीतरी हवंच.