उजवा की डावा

१४ मे, रात्री

दुपारी आई गुरवाकडे जाऊन आली. चपला काढता काढता एवढंच म्हणाली, "कौल लावून आले." कशाबद्दल ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आठवडाभर घरात दुसरा विषयच नाही. दिल्लीकडच्या एका खासगी विद्यापीठाचं पत्र आलंय. तीन वर्षांचा करार. विषय माझाच, सतराव्या शतकातलं युरोपीय तत्त्वज्ञान आणि जोडीला धर्माचं तत्त्वज्ञान. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.

इथे अकरा वर्षं तासिका तत्त्वावर काढली. दर वर्षी नवी मुलाखत आणि दर मे महिन्यात बेकारी. सेट झाली, मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. झाली, चमत्कारांबद्दल डच तत्त्वज्ञ स्पिनोझा काय म्हणतो यावर अडीचशे पानं लिहून झाली. शेजारचे दादा मात्र अजून विचारतात, "मास्तर, तुमचा तो परदेशी स्वामी काय म्हणतो?" यंदा टी.वाय.ला सहा मुलं होती. त्यांतली दोन एस.टी. चुकली की यायची नाहीत.

त्या स्वामीलाही एकदा असंच पत्र आलं होतं, १६७३ च्या फेब्रुवारीत. हायडेलबर्ग विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक हो, विचार मांडायची पूर्ण मोकळीक मिळेल, फक्त प्रस्थापित धर्माला तिचा उपद्रव होऊ देणार नाहीस असा भरवसा आहे. स्पिनोझाने महिनाभर विचार केला आणि ३० मार्चला नकार कळवला. मुलांना शिकवत बसलो तर माझं स्वतःचं काम मागे पडेल, आणि ही मोकळीक नेमकी कुठे संपते ते मला ठाऊक नाही, असं त्याने लिहिलं. फार सभ्य पत्र आहे. दर वर्षी ते शिकवताना माझा आवाज जरा चढतो.

हिशेबाचा भाग मात्र मी वर्गात सांगत नाही. भिंगं घासून त्याचं थोडंफार चालायचं. एका दिवंगत मित्राच्या भावाने वर्षाला ५०० गिल्डर देऊ केले, त्यातले त्याने ३०० च घेतले. लग्न केलेलं नाही. आई तर तो सहा वर्षांचा असतानाच गेली. कौल लावून येणारं घरात कुणी नव्हतं.

कौलावरून आठवलं. स्पिनोझाच्या 'एथिक्स' या ग्रंथाच्या पहिल्या भागाला जोडलेलं एक परिशिष्ट आहे. माझ्या मते अख्ख्या पुस्तकातली सगळ्यांत धारदार पानं तीच. छपरावरून दगड पडून माणूस मेला, तर लोक म्हणतात, त्याला मारण्यासाठीच तो पडला. वारा सुटला होता आणि तो माणूस तिथून चालला होता, असं सांगा. मग विचारतात, वारा तेव्हाच का सुटला? तो तेव्हाच तिथून का चालला होता? असं 'का, का' करत शेवटी देवाच्या इच्छेपाशी येऊन थांबतात. स्पिनोझा तिला अज्ञानाचा आसरा म्हणतो. कोकणात छपरावरून दगड पडत नाहीत, म्हणून मी दगडाच्या जागी कौल घालतो. वर्गात खसखस पिकते, कारण घरावरचंही कौल आणि देवीला लावतात तेही कौलच. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार.

२०२० नंतर मुलं तेवढी हसेनाशी झाली. ३ जूनला चक्रीवादळ आलं आणि गावातली निम्मी कौलं उडाली. आमच्या मागल्या पडवीवरची गेली, तिथे अजून निळी ताडपत्री आहे. बागेत पोफळी एका रांगेत आडव्या पडल्या होत्या. वादळाचं नावही नेमकं 'निसर्ग', बांगलादेशाने सुचवलेलं. आणि मी मोबाइलवर वर्ग घेऊन शिकवत होतो, स्पिनोझाच्या मते देव म्हणजेच निसर्ग. एका मुलीने विचारलं, "सर, मग आमची वाडी देवानेच पाडली ना?" मी म्हटलं, एका अर्थी हो. "कशासाठी?" मी म्हटलं, कशासाठीच नाही, या देवाला हेतू नसतो. बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मला वाटलं, रेंज गेली. मग ती म्हणाली, "बरं झालं. घरी सगळे म्हणतायत, देवीच्या मानपानात आपलंच काहीतरी चुकलं." परिशिष्टाचा हा उपयोग माझ्या प्रबंधात कुठेही नाही.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत मला घरमालकिणीवरून अडवलं होतं. हेगमध्ये स्पिनोझा एका चित्रकाराच्या घरी भाड्याने राहायचा. त्या चित्रकाराच्या बायकोने त्याला एकदा विचारलं, माझ्या धर्मात राहून माझा उद्धार होईल का? तो म्हणाला, तुमचा धर्म चांगला आहे, दुसरा शोधू नका, शांतपणे आणि भक्तीने जगा म्हणजे झालं. हे लिहून ठेवलंय कोलेरस नावाच्या लुथेरन धर्मोपदेशकाने, ज्याला स्पिनोझाचे विचार मुळीच मान्य नव्हते. परीक्षकांचा प्रश्न होता, तो खोटं बोलला का? मी स्पिनोझाचा धर्म आणि राज्यसत्तेवरचा १६७० चा ग्रंथ काढला. श्रद्धेचं काम माणसाला न्यायाने आणि मायेने वागायला लावण्याचं, खरं-खोटं ठरवणं हे तत्त्वज्ञानाचं काम, असं त्याने त्यात आधीच लिहिलेलं आहे. म्हणजे तो खोटं बोलला नाही. परीक्षक खूश, मीही खूश.

चार वाजता चहा घेताना राहवलं नाही. विचारलं, "काय दिला कौल?"

"तू मानतोस?"

"नाही."

"मग तुला कशाला हवाय?" असं म्हणून ती कपबशा उचलून आत गेली.

इतकी वर्षं मी ती गोष्ट स्पिनोझाच्या बाजूने वाचत आलो. बाईला धर्मोपदेशक मिळाला नसता असं नाही. तरी तिने वरच्या मजल्यावरच्या, नास्तिक म्हणून बदनाम झालेल्या भाडेकऱ्यालाच विचारलं. का विचारलं असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता. आज इथे विचारणारा मी होतो, आणि आई त्याच्याइतकी सभ्यही वागली नाही.

संध्याकाळी काड्यापेटी आणायच्या निमित्ताने दुकानावर गेलो. काड्यापेट्या घरात दोन आहेत. गुरव तिथेच बाकावर बसले होते. इकडचं तिकडचं बोललो, आंब्याचा भाव, पाऊस कधी धरेल, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नोकरीचा नाय हो सर," ते म्हणाले. "नोकरीचा कुठे विचारला आईंनी? घराचा विचारला. तुम्ही जूनपासून इथे नसणार, मग मागच्या बाजूला पत्रे घालावेत की कौलंच ठेवावीत, म्हणून. कौलांचा कौल लावला." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले.

"मग?"

"उजवा दिला. कौलं."

घरी आलो तेव्हा आई मागल्या पडवीत जुन्या मंगलोरी कौलांची चळत लावत होती, धड असलेली एकीकडे, फुटकी दुसरीकडे. मी जाणार हे तिने माझ्याआधी कधी धरलं, ते विचारायचं होतं. विचारलं, "किती लागतील?"

"ऐंशी तरी. पत्र्याखाली पावसात शब्द ऐकू येत नाही, मी झोपायचं कसं?"

विद्यापीठाला अजून काही लिहिलेलं नाही. शाकारायला माणूस सकाळी सातला येतोय. शिडी दादांकडची आणायचीय.