मारवा, पूरिया आणि राहून गेलेली सोहनी

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

सवाईहून, म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाहून, आत्ताच घरी आले. जेवण तिथल्याच वडापावावर भागलंय. झोप येणार नाही हे माहीत आहे, म्हणून लिहायला बसले.

आज सूर्यास्ताच्या सुमाराला मारवा राग ऐकला. मुकुंदनगरच्या त्या प्रचंड मंडपाच्या कडेने बाहेरचा उजेड उतरताना दिसत होता आणि गायिका षड्जावर, म्हणजे सा वर, यायचं नावच घेत नव्हती. कोमल रिषभावरून (रे) धैवतावर (ध), धैवतावरून पुन्हा रिषभावर. तंबोऱ्यात सा सतत वाजतोय, आणि गळा मात्र त्याला बगल देतोय. मग संथ, विलंबित एकतालाच्या एका फेऱ्याअखेर ती अलगद सा वर येऊन थांबली, तेव्हा माझ्या शेजारच्या आजोबांनी नुसता हात वर केला. ‘क्या बात है’ वगैरे काही नाही. दाद अशी असावी. पुढच्या रांगेतला एक मुलगा तेवढ्यात मोबाईल उंच धरून चित्रण करत होता. त्याला तो सा मिळाला की नाही, देव जाणे.

घरी हाच मारवा मी कितीदा तरी ऐकलाय, भांडी घासतानासुद्धा. पण रेकॉर्डिंगमध्ये ती हुरहूर एवढी अंगावर येत नाही. थोडा वाटा त्या वेळेचा असतो, थोडा शेजारी श्वास रोखून बसलेल्या माणसांचा.

नंतरच्या कलाकाराने पूरिया घेतला. सूर तेच! कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम (प) वर्ज्य. फक्त जोर आता गंधार (ग) आणि निषादावर (नी), चाल मंद्राकडे, म्हणजे खालच्या सुरांकडे. मघाची घालमेल जाऊन सगळं गंभीर झालं. एका संध्याकाळी एकामागोमाग हे दोन ऐकायला मिळाले की राग आणि थाट (सुरांवरून केलेला रागांचा गट) यांतला फरक पुस्तक न उघडता कळतो.

याच सुरांचं तिसरं भावंड म्हणजे सोहनी. ती तार सप्तकात, वरच्या सुरांत वावरते, चंचल, आणि तिची वेळ रात्रीच्या शेवटच्या प्रहराची. म्हणजे सवाईत ती ऐकायला मिळणं अवघडच. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावायचा नाही, हा 2000 सालचा नियम. नियम चुकीचा आहे असं मला म्हणवत नाही. गणपतीत आमच्या गल्लीतल्या स्पीकरच्या भिंतींसमोर तो मी स्वतःच ढाल म्हणून पुढे करते! पण त्याची किंमत गाण्यानेही मोजली. मैफली रात्रभर चालायच्या तेव्हा मध्यरात्रीनंतर दरबारी, मग अडाणा, सोहनी, उजाडता ललत, भटियार असा अख्खा दिवस-रात्रीचा फेरा एका मंडपात पुरा व्हायचा. आता आमच्या कानांना संध्याकाळच चांगली ओळखीची. यमन, मारवा, पूरियाधनाश्री, बिहाग. भैरवी मात्र टिकली, कारण ती शेवटाला कुठल्याही वेळी चालते.

सवाई पूर्वी रमणबागेत व्हायचा, तो आईने पाहिलाय. 1953 मध्ये भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला, आणि शेवटच्या दिवशी पहाटे समारोपाला ते स्वतः गायला बसायचे. आई सांगते, लोक गोधड्या, थर्मास घेऊन यायचे. मधल्या कलाकाराला चक्क झोपा काढायचे आणि भीमसेनजींच्या वेळेला बरोबर उठून बसायचे. गायक फिरोज दस्तूर आले की त्यांच्या ‘गोपाला’ या गाण्याची फर्माईश ठरलेली. ती ते सगळं सांगते तेव्हा मला हेवा वाटतो, पण खरं सांगायचं तर तीही मधल्या कलाकाराला झोपलेलीच असायची.

आज शेवटच्या गायकाला वेळ कमी मिळाला. बागेश्री रागाचा बडा ख्याल (संथ लयीतला मुख्य भाग) जेमतेम उलगडतोय तोच जलद लयीतली द्रुत आली, तराणाही नाही. साथीचा तबलजी मात्र अप्रतिम. लय वाढली तरी ठेका स्वच्छ, कुठे आगाऊपणा नाही. संवादिनीवाल्याने (पेटीवाल्याने) गायकाच्या मागे सावलीसारखं राहावं की मधे चार सूर स्वतःचे घालावेत, यावर परतताना रिक्षात मैत्रिणीशी वाद झाला. माझं मत पहिलं. ती स्वतः पेटी शिकते, त्यामुळे तिचं मत ग्राह्यच धरलं नाही.

शनिवारी बारापर्यंत परवानगी असते. मालकंस, दरबारी तरी पदरात पडावेत. आईला विचारलं येतेस का, तर म्हणाली, “खुर्ची मिळणार असेल तर येते, मांडी घालून ऐकायचे दिवस गेले.” उद्या सकाळी आधी तेवढं तिकिटाचं बघायचं.