आधी खो, मग ऊठ

मी हायस्कूलला गणित शिकवतो. खो-खोशी माझा अधिकृत संबंध एवढाच, की तालुका स्पर्धेला पोरं घेऊन जायला दुसरा शिक्षक लागतो आणि मुख्याध्यापकांना दरवेळी माझंच नाव सुचतं. कडेला उभं राहून बघता बघता मला या खेळाचे नियम आवडायला लागले. खेळाने शिस्त लागते, संघभावना वाढते, ही पंधरा ऑगस्टच्या भाषणातली वाक्यं ऐकून कान किटलेत. कोणत्या खेळातला कोणता नियम मुलाच्या कोणत्या खोडीवर लागू पडतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

सातवीत एक मुलगा होता. फळ्यावर उदाहरण लिहून व्हायच्या आत याचं उत्तर तयार. ‘एका संख्येची तिप्पट’ एवढं दिसलं की तीनने गुणून मोकळा. पुढे ‘त्यात पाच मिळवले तर’ आहे, याचा पत्ताच नाही. ‘पूर्ण वाच रे’ म्हणून माझा घसा बसला. पीटीच्या सरांनी त्याला संघात घेतलं, कारण पाय हलके होते.

खो-खोत आठजण मैदानाच्या मधल्या पट्टीवर एका ओळीत, आपापल्या चौकोनात बसलेले असतात, एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून. नववा पाठलाग करतो. पळणारा बसलेल्याच्या नाकासमोरून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून जातो. तरी उठायचं नाही. मागून पाठीला हात लागला पाहिजे आणि ‘खो’ ऐकू आला पाहिजे. त्याआधी उठलं की पंचांची शिट्टी. फाऊल झाला की पाठलाग उलट्या दिशेला वळवावा लागतो, म्हणजे दमत आलेल्या पळणाऱ्याला आपणच श्वास घ्यायला वेळ दिला.

सुरुवातीला प्रत्येक डावात हा पठ्ठ्या आधीच उठायचा. शिट्टी वाजली की बाकीचे आठजण त्याच्याकडे नुसते बघायचे. त्या बघण्याने जे केलं ते माझ्या घशाला जमलं नव्हतं. दिवाळीपर्यंत तो बसायला शिकला. बसणं म्हणजे गप्प पडून राहणंही नव्हे. टाच उचललेली, बोटं जमिनीला टेकलेली, कान मागे. वर्षअखेरीला तो गणितात पहिला वगैरे आला नाही. पण शाब्दिक उदाहरण शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचायला लागला. मला तेवढं पुरे.

नववीतल्या एका मुलीची गोष्ट वेगळी. शाळेत तिच्याइतकं जोरात कुणी पळत नाही, आणि तेच आडवं यायचं. पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे वळता येत नाही, मधली पट्टीही ओलांडता येत नाही. पळणारी मात्र दोन बसलेल्यांच्या मधून हवी तिकडे निसटते. मग कितीही वेग असला तरी खो देण्यावाचून गत्यंतर नाही. हिला ते पटायचं नाही. गडी आपणच बाद करायचा म्हणून खांबापर्यंत पळत सुटायची. आता ती वेळेवर खो देते. तिच्या नावावरचे गडी कमी झाले, संघाचे वाढले. वर्गात याचा काय उपयोग झाला ते मला अजून दिसलेलं नाही. दिसलंच पाहिजे असंही नाही.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात खो-खोला मान आहे. इथल्याच सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. तेव्हापासून पालक सरळ विचारतात, ‘सर, याचे मार्क मिळतात का? नोकरीत जागा असतात ना?’ क्रीडा आरक्षण पाच टक्के आहे, वाढीव गुणांचीही सोय आहे. पण तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चाळणीतून फार थोडी पोरं खाली पडतात. बाकीची तालुक्यालाच बाद होतात. फक्त मार्कांसाठी पोर मैदानावर पाठवायचं असेल तर माझा सल्ला आहे, नका पाठवू.

ती मुलगी यंदा दहावीत गेली. जूनमध्ये तिचे वडील आले. ‘सर, वर्ष दहावीचं आहे. तुम्ही गणिताचे, तुम्हीच तिला सांगा.’ मी म्हटलं, दहावीचा पीटीचा तास गणितासाठी मला देऊ केला होता, मी घेतला नाही. आता तिला काय तोंडाने सांगू? ते हसले नाहीत. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी अट घातली, संध्याकाळची शिकवणी बुडता कामा नये. पीटीच्या सरांनी सराव सकाळी साडेसहाला ठेवला. ती येते, वडीलच मोटारसायकलवर सोडून जातात. मी काही रोज जात नाही, साडेसहा म्हणजे फारच लवकर.