आमची वाटचाल: लग्नपत्रिकांच्या प्रेसमधून शाळेच्या भिंतीवर

डी.एड. झाले तेव्हा वाटलं होतं झेडपीत लागू, पण २०१२ च्या सुमाराला शिक्षक भरती थांबली आणि आमच्यासारखी ढीगभर पोरंपोरी सर्टिफिकेट घेऊन घरी बसली. सासऱ्यांचा (त्यांना मी मामा म्हणते) सांगलीत छोटा प्रेस, लग्नपत्रिका, बिलबुकं, जत्रेची हँडबिलं. मामा म्हणाले, "बसून काय करतीस, तुला शाळेतलं कळतंय न्हवं, मग शाळेचंच कायतरी छापूया की." असे आम्ही वर्गात भिंतीला लावायच्या तक्त्यांच्या धंद्यात पडलो.

तेव्हा आमच्याकडं दुकानात मिळायचे ते तक्ते बहुतेक दिल्लीकडचे, हिंदीवरून मराठी केलेले. ल हिंदी वळणाचा, कधी कधी तर ळ गायबच! आणि एका २० बाय ३० इंची कागदावर पचनसंस्था, शेजारी श्वसनसंस्था, खाली दात, उरलेल्या कोपऱ्यात जीवनसत्त्वं. दुकानदाराचा हिशोब सरळ असतो, गिऱ्हाईक चित्रं मोजून घेतं. पण शेवटच्या बाकावरच्या पोराला त्यातलं काय दिसणार? आम्ही ठरवलं की एका तक्त्यावर एकच आकृती, नाव त्या भागाला चिकटून मोठ्या अक्षरात, आकडे टाकून खाली यादी अजिबात द्यायची नाही, कारण पोरगं आकडा बघतं, यादीत शोधतं, परत वर येतं तोवर जठर राहतं बाजूला. दुकानदारांनी नाकं मुरडली, "वहिनी, एवढी जागा मोकळी का सोडलीय?" माल उचलला तो थेट शाळांनी, गुरुजींनी सादिलच्या, म्हणजे शाळेला किरकोळ खर्चाला मिळतात त्या पैशातून.

नकाशांनी मात्र सुरुवातीलाच रडवलं. २ जून २०१४ ला तेलंगणा झालं आणि दोन महिन्यांत, १ ऑगस्टला, पालघर जिल्हा, म्हणजे भारत आणि महाराष्ट्र दोन्हीचे गठ्ठे रद्दीत. नंतर ३१ ऑक्टोबर २०१९ ला लडाख वेगळं, २६ जानेवारी २०२० ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र, मग आपल्याकडं जिल्ह्यांची नावं बदलली. आता राजकीय नकाशे ऑर्डर येईल तसे डिजिटलवर काढतो, गठ्ठा मारून ठेवतो तो फक्त प्राकृतिक. सह्याद्री काय हलत नाही.

खरं वळण आलं ते जत तालुक्यातल्या एका गुरुजींमुळं. ते म्हणाले, "बाई, तक्ता भिंतीला लागला की आठ दिवसांत पोरांना दिसायचाच बंद होतो, मला नावं नसलेला द्या." म्हणून फुलाचा तक्ता दोन प्रकारे काढला, एक नावांचा आणि एक कोरा, कोरा छोट्या साइजमध्ये, गटागटात वाटता येईल असा. ते नावांचा तक्ता दाखवतात, शिकवतात, मग गुंडाळून ठेवतात, आणि दोन दिवसांनी पोरं कोऱ्या कार्डावर मार्करनं पुंकेसर, परागकोश, बीजांड आठवून लिहितात, अडलं की आपसात भांडतात, शेवटी तक्ता उघडून ताडून बघतात. चित्र समोर असलं की सगळ्यांनाच वाटतं आपल्याला येतंय, डोक्यातून बाहेर काढायला लागलं की खरं कळतं, आणि असं काढलेलंच जास्त दिवस टिकतं. ॲलन पेव्हिओ या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्येच मांडलं होतं की शब्द आणि चित्र दोन वाटांनी डोक्यात साठतात, एक वाट बुजली तरी दुसरीनं आठवतं. पण त्या वाटेवरून पोराला चालवायला पण पाहिजे ना.

मटेरियलचा घोळ वेगळाच. ग्लॉस लॅमिनेशन दुकानात भारी दिसतं, पण वर्गात खिडकीसमोर लावलं की नुसता उजेड चमकतो, म्हणून भिंतीचे तक्ते मॅट. कोऱ्या कार्डाला मात्र ग्लॉसच पाहिजे, मॅटवर मार्करचे डाग राहतात. कुणीतरी परमनंट मार्कर वापरतंच, त्यांना सांगतो सॅनिटायझर लावून पुसा, लॉकडाऊनच्या बाटल्या अजून शाळेत पडून असतात!

अजून एक, धंदा बुडवायची गोष्ट म्हणा हवं तर. बालवाडीवाले येतात, "चारी भिंती भरून द्या" म्हणतात. त्यांना मी २०१४ चा अमेरिकेतला प्रयोग सांगते, भिंती खच्चून सजवलेल्या वर्गात लहान मुलांचं लक्ष जास्त उडालं आणि शिकणं कमी झालं. चार तक्ते घ्या, फिरवत राहा. निम्मे ऐकतात, निम्मे दुसरीकडून भरून घेतात, चालायचंच.

सध्या जलचक्राचा कोरा तक्ता चालू आहे, ढग, डोंगर, समुद्र छापलेले, बाण पोरांनी काढायचे. नमुने जतला गेलेत. गुरुजी दुरुस्त्या काढणार हे नक्की, पण मे संपायच्या आत पाठवल्या तर जूनच्या सीझनला माल निघेल.