केसा-गातामे

गुरुवार, रात्र

आज वर्गात केसा-गातामे झालं. ज्युदोत जमिनीवर दाबून धरायला नवख्यांना बहुधा हीच पकड आधी शिकवतात. जोडीला कॉलेजातली एक मुलगी होती, वजनाने माझ्याहून बरीच जास्त.

ती उताणी. मी तिच्या उजव्या बगलेला कंबर घट्ट भिडवून बसले. उजवा हात मानेखालून घातला, डाव्या हाताने तिची उजवी बाही कोपराच्या वर धरून तिचा हात माझ्या काखेत ओढून घेतला. उजवा पाय पुढे, डावा मागे, दोन्हींत भरपूर अंतर. डोकं खाली. सर एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होते, "बाही सोडायची नाही." ते लगेच पटलं. तो हात मोकळा झाला की ती कुशीवर वळते, आणि एकदा वळली की संपलंच.

आजोळच्या जत्रेत कुस्त्या बघत मी मोठी झाले. तिथे पाठ टेकली की निकाल, हलगी वाजते, पैलवानाला खांद्यावर घेतात. इथे पाठ टेकल्यावर पंच 'ओसाएकोमी' म्हणतो आणि घड्याळ सुरू होतं. पूर्ण गुणासाठी 20 सेकंद धरून ठेवायचं. मध्येच खालचा निसटला तर 'तोकेता'. वाचताना 20 सेकंद म्हणजे काहीच नाही. अंगाखाली एक धडधाकट माणूस सुटायला बघत असताना ती फार लांब वाटतात.

तिने कंबर उचलून मला पलीकडे फेकायचा प्रयत्न केला, तेव्हा उजवा हात मानेखालून काढून पलीकडे गादीवर टेकवला आणि ती खाली आल्यावर परत घातला. मग ती माझा मागचा पाय आपल्या पायांत अडकवायला बघू लागली. ती जिकडे सरके तिकडे मीही पाय सरकवत गेले, बगलेचं अंतर तेवढंच ठेवून. "ताई, श्वास घ्या," खालून तीच म्हणाली. श्वास सोडला तसं छातीचं वजन आपोआप तिच्यावर उतरलं आणि हातांतला ताण कमी झाला. ताकद वाढवून जे होत नव्हतं ते सैल होऊन झालं, याचा आनंद अजून अंगात आहे.

1882 मध्ये तोक्योत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू करणारे कानो जिगोरो स्वतः अंगाने लहानखुरे होते. शक्ती वाया न घालवता नेमकी वापरा, हे त्यांचं सांगणं मला आज पहिल्यांदा बरगड्यांतून कळलं.

शनिवारी यातून सुटायचं कसं ते शिकवणार आहेत. त्याआधी डाव्या बाजूने हीच पकड बसवून बघायची आहे. त्या बाजूला माझा पाय अजून मागे राहत नाही.